संध्याकाळी सात वाजताची वीज

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली आणि ती पूर्ण भागवली गेली, याची बातमी सगळीकडे झळकली. आदल्या दिवशीच्या, म्हणजे २९ मेच्या, एका आकड्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सूर्यप्रकाश नसलेल्या तासांतली त्या दिवसाची कमाल मागणी सुमारे २ लाख ३४ हजार मेगावॉट होती. भर दुपारच्या आणि अंधार पडल्यावरच्या मागणीत फरक जेमतेम सोळा हजार मेगावॉटचा. पुरवठ्याच्या बाजूला मात्र याच काही तासांत देशभरातली सौरवीज हजारो मेगावॉटवरून उतरत उतरत शून्यावर येते. कमी कार्बनच्या विजेपुढचा अभियांत्रिकी प्रश्न काय, असे कोणी विचारले तर मी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडतो. पुढची सगळी चर्चा त्या दोहोंमधल्या चार-पाच तासांची आहे.

आपली सार्वजनिक चर्चा मात्र स्थापित क्षमतेभोवती फिरते. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेतला बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीचा, वाटा पन्नास टक्क्यांवर पोचला, आणि २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठल्याचे जाहीर झाले. ते खरे आहे आणि त्याचे श्रेयही द्यायला हवे. पण त्याच सुमारास प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांत हा वाटा साधारण चौथ्या हिश्शाच्या आसपास होता. कारण उघड आहे. शंभर मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीने वीस-पंचवीस मेगावॉट देतो, आणि तेही स्वतःच्या वेळेला. कोठीत किती पोती आहेत हे मोजून घर चालत नाही, संध्याकाळी चूल पेटवताना हाताशी काय आहे यावर चालते. या लेखातला माझा मुद्दा तेवढाच आहे: महाराष्ट्राने आणि देशाने यापुढे आपली प्रगती बसवलेल्या मेगावॉटवर न मोजता संध्याकाळी सात वाजता कोळसा न जाळता किती मागणी भागवता येते यावर मोजावी, आणि पैसा, जमीन व पाणी त्या हिशेबाने लावावे.

या सात वाजण्यात नेमके काय घडते, हे समजण्यासाठी विद्युत जाळ्याचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. विजेचे जाळे स्वतः काहीही साठवत नाही. ज्या क्षणी वापर त्याच क्षणी निर्मिती, आणि दोन्ही जुळले आहेत की नाही हे सांगणारा काटा म्हणजे वारंवारता. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ, आणि तिने ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राहावे असा नियम आहे. मागणी वाढली की देशभरातली फिरती जनित्रे किंचित मंदावतात, मागणी घटली की किंचित वेग घेतात. औष्णिक केंद्रातला टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतो. त्या तीन हजारांत वीस-तीस फेऱ्यांचा फरक पडला तरी मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणाऱ्या भारप्रेषण केंद्रातल्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात.

माझ्या लहानपणी आमच्या भागातल्या गुऱ्हाळावर तेल इंजिन असे. त्याला माणसाच्या छातीएवढे जाडजूड लोखंडी चाक. चरकात कोणी हौसेने उसाची मोठी मोळी कोंबली की इंजिनाचा आवाज खाली बसायचा, धूर काळा व्हायचा, पण चरक थांबायचा नाही. त्या चाकात साठलेला जोर तेवढे चार क्षण रेटून न्यायचा आणि तोवर इंजिनाला जास्त तेल मिळायचे. चाक हलके असते तर प्रत्येक मोळीला इंजिन बंद पडले असते. विद्युत जाळ्यात हे काम कोळशाच्या, पाण्याच्या आणि अणुवीज केंद्रांच्या शेकडो टन वजनाच्या फिरत्या दांड्यांनी आजवर फुकटात केले. एखाद्या मोठ्या औष्णिक संचाच्या फिरत्या भागात साठलेली गतिज ऊर्जा त्या संचाच्या पूर्ण भाराला साधारण चार-पाच सेकंद पुरेल इतकी असते. चार-पाच सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण कुठे एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर बाकीच्या संचांचे नियंत्रक जागे होऊन वाफेच्या झडपा उघडेपर्यंत जाळे सावरून धरतात ते हेच सेकंद. अभियंते याला जडत्व म्हणतात.

सौर पटलांना असे चाक नाही. त्यातून निघणारी एकदिश (डीसी) वीज इन्व्हर्टरमधून प्रत्यावर्ती (एसी) होते, आणि आज बसवलेले बहुतेक इन्व्हर्टर जाळ्यात आधीपासून असलेली लय ऐकून तिच्यामागे चालतात. भजनी मंडळात टाळकरी कितीही असले तरी पखवाजावर कोणीतरी लय धरून बसावे लागते, तसे हे आहे. टाळकऱ्यांची संख्या वाढत जाते आणि पखवाजवाले एकेक करून उठून जातात, तेव्हा अडचण सुरू होते. आणखी एक गोष्ट सामान्य चर्चेत येतच नाही. वाहिनीवर बिघाड झाला की फिरते जनित्र क्षणभर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह त्या बिघाडाकडे ढकलते, आणि त्या मोठ्या प्रवाहावरूनच संरक्षक रिले बिघाड ओळखून वाहिनी तोडतात. इन्व्हर्टर आपली नाजूक अर्धवाहक उपकरणे जपण्यासाठी नेहमीच्या प्रवाहापेक्षा फार तर दहा-वीस टक्के जास्त देतो. म्हणजे वीज कोळशाची जाऊन सूर्याची आली, एवढाच बदल होत नाही. बिघाड ओळखण्याची जुनी रीतही हळूहळू निकामी होते.

हे भय कल्पनेतले नाही. २०१६ च्या सप्टेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पाडले, पवनचक्क्यांच्या नियंत्रकांनी लागोपाठच्या धक्क्यांनंतर हात वर केले आणि सगळे राज्य अंधारात गेले. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल काळोखले. तिथे मूळ दुखणे वाढत गेलेल्या व्होल्टेजचे होते, ते वेळेत आवरणारी यंत्रणा कमी पडली आणि एकामागून एक प्रकल्प जाळ्यातून सुटत गेले. या दोन्ही घटनांचा उपयोग ‘बघा, आम्ही सांगत होतो, कोळशाला पर्याय नाही’ असे म्हणण्यासाठी करणारे पुष्कळ भेटतात. दक्षिण ऑस्ट्रेलियाने पुढे काय केले, हे ते सांगत नाहीत. तिथे २०१७ मध्ये शंभर मेगावॉटची बॅटरी बसली, २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे इंधनाशिवाय नुसती फिरत राहून जाळ्याला वजन आणि व्होल्टेजला आधार देणारी अवजड यंत्रे, बसली, आणि त्या राज्यातला वारा-सूर्याचा वाटा त्यानंतर वाढतच गेला. रोग ओळखला की औषध आहे. फक्त ते वेळेवर आणि कोणाच्या तरी खर्चाने आणावे लागते.

महाराष्ट्रात हे औषध कुठे ठेवावे, याबद्दल माझे एक मत आहे. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा लांबून, पाणी नशिबाने, असा तो कारभार. त्याच मराठवाड्यात आता माळरानांवर सौर प्रकल्प येत आहेत, आणि जाळ्याला वजनाची गरज तिथेच पडणार आहे. निवृत्त होणाऱ्या २१० मेगावॉटच्या जुन्या संचांचे बॉयलर भंगारात जावोत, पण जनित्र टर्बाइनपासून सोडवून सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून फिरते ठेवता येईल का, याची प्रत्येक संचागणिक तपासणी व्हावी. उपकेंद्र तयार आहे, वाहिन्या तयार आहेत, माणसे शिकलेली आहेत, आणि बॉयलरला लागते तसे पाणी लागणार नाही. सगळीकडे ते परवडेलच असे नाही, पण हिशेब न मांडता संच लिलावात काढणे हा उधळेपणा आहे.

आता कोळशाकडे येऊ. पुढची पंधरा-वीस वर्षे कोळशाचे संच राहणार आहेत, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. बदलते ते त्यांचे काम. आजवर ते घाण्याच्या बैलासारखे एकाच गतीने चालले, यापुढे दुपारी बसायचे आणि संध्याकाळी धावायचे, असे त्यांना सांगितले जाते आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार कोळशाच्या संचांनी ४० टक्के भारापर्यंत खाली येऊन स्थिर राहता आले पाहिजे. आधी ही तळरेषा ५५ टक्क्यांवर होती. कागदावर हा पंधरा टक्क्यांचा फरक आहे. नियंत्रण कक्षात तो कसा दिसतो, ते मी अनेक पाळ्यांत पाहिले आहे.

भार निम्म्याच्या खाली आला की भट्टीतली ज्वाळा अस्थिर होते. पडद्यावर ज्वाळा दाखवणारे दिवे लुकलुकू लागतात, आणि पावसाळ्यातला ओला, राखेने भरलेला कोळसा असला तर पाळीप्रमुखाचा हात तेलाच्या बर्नरकडे जातोच. तेल टाकले की ज्वाळा सावरते, पण कोळसा वाचवण्याच्या नावाखाली महागडे तेल जळू लागते. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी वरखाली होते, पंप त्यांना न मानवणाऱ्या प्रवाहावर चालतात, दर युनिटमागे लागणारा कोळसा वाढतो. दिसत नाही तो परिणाम पुढचा आहे. जाड भिंतींच्या नळ्या, हेडर आणि टर्बाइनचे आवरण रोज तापते आणि रोज निवते. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो, तसा हा धातूही आतून थकतो. आज केलेल्या चढउताराची किंमत तीन वर्षांनी नळी फुटून वसूल होते, आणि तोवर त्या दिवशी पाळीवर कोण होते हे कोणाला आठवत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की लवचिकपणा ही वेगळी सेवा मानून तिचे वेगळे, नीट मोजलेले पैसे दिले जावेत, आणि सगळ्याच संचांना सरसकट वाकवण्यापेक्षा काही निवडक संच त्यासाठी खर्च करून सज्ज करावेत. जुन्या, रडत चालणाऱ्या संचाला रोज ४० टक्क्यांवर आणणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शंकरपटात उतरवणे आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत दिलासा देणारी एक गोष्ट अशी की आपल्या मागणीचा आणि आपल्या हवामानाचा मेळ पुष्कळसा जमतो. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरचा आणि धुळ्याकडच्या ब्राह्मणवेलचा वारा जून ते सप्टेंबर जोरात असतो, नेमका आभाळ भरून सौरवीज घटते तेव्हा. त्या काळात शेतीपंपही बहुतांशी थांबलेले असतात. हिवाळ्यात पंप सुरू होतात, तेव्हा आकाश स्वच्छ असते. पंचाईत होते ती ऑक्टोबरात. वारा पडलेला, उकाडा चढलेला, पाऊस ओसरल्यावर पंप सुरू झालेले, आणि दिवसही लहान होत चाललेला. वार्षिक सरासरीच्या तक्त्यात हा महिना दिसत नाही, म्हणून नियोजनाचा आराखडा वर्षाच्या सरासरीवर न करता ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळवर करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मेळ जमतो त्यातला सर्वांत मोठा भाग शेतीचा आहे. राज्यातल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास अशी आळीपाळीची वीज मिळत आली. ही पाळी शेतकऱ्याच्या सोयीने कधीच ठरली नव्हती. रात्री शहरे झोपली की औष्णिक केंद्रांची वीज खपवायला गिऱ्हाईक हवे होते, ते गिऱ्हाईक म्हणजे शेतीपंप. त्यासाठी थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून चालायचे, बारे द्यायला ओल्या सरीत उतरायचे, पायाखाली साप आहे की नळी हे चाचपायचे, आणि जुन्नर-आंबेगावकडे उसातल्या बिबट्याचाही कानोसा घ्यायचा. जाळ्याचा समतोल राखण्याची किंमत इतकी वर्षे कोणी मोजली, याचे उत्तर या बांधावर आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मोल मला इथे दिसते. उपकेंद्राजवळच काही मेगावॉटचा सौर प्रकल्प, त्यावर वेगळ्या केलेल्या शेतीवाहिन्या, आणि दिवसा वीज, ही कल्पना २०१७ मध्ये राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणाहून सुरू झाली आणि २०२३ नंतर तिने हजारो मेगावॉटचे रूप घेतले. तिची जाहिरात शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली अशी होते, आणि ते योग्यच आहे. पण अभियंत्याच्या नजरेने ती राज्यातली सर्वांत स्वस्त साठवण आहे. मागणी रात्रीतून दुपारात आणणे म्हणजे बॅटरीशिवाय बॅटरी. विहिरीतून उपसलेले पाणी शेततळ्यात किंवा सरीत साठते, वीज साठवावी लागत नाही. शिवाय इथे दराचा इशारा चालणार नाही, कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. ज्याला बिलच नाही त्याला ‘दुपारी स्वस्त, रात्री महाग’ हे सांगून उपयोग काय? त्यामुळे वाहिनी केव्हा चालू आणि केव्हा बंद, हेच एकमेव साधन सरकारच्या हाती उरते.

यातला धोकाही सांगितला पाहिजे. मोफत वीज आणि भरदिवसा हुकमी वीज एकत्र आली की भूजल उपसा कसा वाढतो, हे खानदेशातल्या आणि मराठवाड्यातल्या विहिरींना विचारावे. आणि दुसरे, या योजनेचे प्रकल्प उपकेंद्राला जोडलेले असले तरी ढग आले की वीज मुख्य जाळ्यातूनच घ्यावी लागते. एका तालुक्यावरून ढग सरकला की पन्नास मेगावॉट दहा मिनिटांत खाली येऊन पुन्हा वर जातात. ते सावरायला कोणीतरी चटकन धावणारा हवा.

चटकन धावणारे आपल्याकडे पाणी आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन झाले, तेव्हा मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली आणि लगेच परत चढली. त्या रात्री जाळे तरले ते मुख्यतः जलविद्युत संचांमुळे. आधी त्यांना वर नेऊन ठेवले, नऊला भराभर उतरवले, मग पुन्हा चढवले. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली. कोळशाच्या संचाला जे करायला तास लागतो ते पाण्याचा संच काही मिनिटांत करतो.

कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट आहे. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा घातली आहे. एक घनमीटर पाणी घाटाखालच्या पोफळीच्या वीजगृहात पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते तेव्हा त्यातून साधारण एक युनिट मिळते. तेच पाणी पुढे पुन्हा वापरणाऱ्या टप्पा तीनचे थोडे आणखी धरले तर सगळ्या ६७.५ टीएमसीचे ढोबळ हिशेबाने तीन अब्ज युनिट होतात, म्हणजे पूर्ण क्षमतेने दिवसाला चार तासांच्या आसपास. हे चार तास कोणते, हा राज्यातला सर्वांत महत्त्वाचा ऊर्जाप्रश्न आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कोयनेचे तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होते आणि मे महिना येता येता कोट्याचा हिशेब घट्ट होतो. प्रत्येक उन्हाळ्यात पिण्याच्या आणि सिंचनाच्या पाण्याची ओढ असते, तीही खोटी नाही. पण जी वीज दुपारी इतरत्र दोन-तीन रुपयांना मिळते तिच्यासाठी दुपारी कोयनेचे दार उघडणे म्हणजे सोन्याची मोहोर मोडून भाजी आणणे आहे. कोयनेच्या प्रत्येक तासाची निर्मिती आणि त्या तासाचा बाजारभाव शेजारी मांडून महिन्याला प्रसिद्ध करावा, अशी माझी साधी मागणी आहे. तक्ता लोकांसमोर आला की अर्ध्या चुका आपोआप कमी होतील.

कोटा वाढणार नाही, पण तेच पाणी पुन्हा वर नेता येते. घाटमाथ्यावरचे घाटघर आणि खाली शहापूर तालुक्यातले चोंढे यांच्यामध्ये २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे, आणि भिऱ्यालाही १५० मेगावॉटचा तसा संच आहे. पाणी खाली सोडून वीज करायची, स्वस्त वीज असेल तेव्हा ते पुन्हा वर चढवायचे. शंभर युनिट खर्चून पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात, बाकीची घट. हे प्रकल्प आखले तेव्हा रात्रीच्या फालतू कोळसाविजेवर पाणी चढवायचे असा विचार होता. आता घड्याळ उलटे फिरले आहे आणि चढवणे दुपारी, उतरवणे संध्याकाळी असे व्हायला हवे. सह्याद्रीच्या कड्यांसारखी जागा देशात फार थोड्या राज्यांना मिळाली आहे: वर पठार, खाली कोकण, मध्ये चार-पाचशे मीटरची सरळ उतरंड. त्यामुळे राज्य सरकारने गेल्या काही वर्षांत हजारो मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचे सामंजस्य करार केले आहेत, त्यांत शिरवटा आणि भिवपुरीचे मिळून २८०० मेगावॉटचे दोन प्रकल्पही आहेत. करार झाले म्हणजे बोगदे खणले गेले असे नाही. बेसाल्टमधले बोगदे, भेगांतून येणारे पाणी, वनजमीन, पश्चिम घाटाची संवेदनशील क्षेत्रे, हे सगळे पाच-सात वर्षे खाते.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले जाते. निविदांतले बॅटरीचे दर दोन-तीन वर्षांत कित्येक पटींनी उतरले आहेत, आणि दोन ते चार तासांची संध्याकाळ भागवण्यासाठी ती आजच वापरण्याजोगी झाली आहे. वर्ष-दीड वर्षात बसते, कडा लागत नाही, गाव उठवावे लागत नाही. तिच्या इन्व्हर्टरला मागे चालण्याऐवजी स्वतः लय धरायला शिकवता येते, म्हणून निविदा काढतानाच ती अट घालावी. नंतर बसवायला गेलो तर महाग पडेल. पण जुलैत सहा दिवस सलग झड लागली तर बॅटरी पहिल्या रात्रीच रिकामी होईल. संध्याकाळ ती भागवेल, सहा दिवसांचे मळभ तिच्याच्याने निभणार नाही. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांत तिला थंड ठेवायलाही वीज लागते.

तो आठवडा भागवायला अणुवीज हवी, असे म्हणणाऱ्यांचे तर्कशास्त्र बरोबर आहे. पण वेळेचा हिशेब त्यांनी नीट केलेला नाही. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या ज्या प्रकारच्या सहा अणुभट्ट्यांची योजना आहे, त्या प्रकारची फ्रान्समधली फ्लामाव्हिलची भट्टी २००७ मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडली गेली, तर फिनलंडमधली २००५ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये नियमित चालू लागली. १९६९ पासून तारापूरची वीज वापरणाऱ्या राज्याने अणूचे भय बाळगू नये, असे माझे मत आहे. पण जैतापूर प्रकल्पाच्या माडबनच्या माळावरची वीज २०३५ च्या आराखड्यात धरणे म्हणजे न लावलेल्या कलमांचा आंबा विकणे होय. काक्रापारला ज्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये चालू झाल्या, त्यांची मालिका अधिक भरवशाची वाटते.

वाहिन्यांची गोष्टही वेळेचीच आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, चारशे किंवा सातशे पासष्ट केव्हीची वाहिनी मार्गाधिकाराच्या, म्हणजे कोणाच्या जमिनीवरून तार न्यायची याच्या, भांडणात चार-पाच वर्षे घेते. राजस्थानात २०२५ मध्ये वाहिन्या अपुऱ्या म्हणून तयार सौरवीज दुपारी रोखून धरावी लागली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे बाकी देशाला जोडले आणि एक देश, एक वारंवारता झाली, हा मोठा टप्पा होता. त्यामुळे एकीकडची टंचाई दुसरीकडून भागवता येते, तशी एकीकडची पडझडही दूरवर पोचते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई काही तास अंधारात गेली ती शहरात येणाऱ्या मोजक्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्याने. चार हजार मेगावॉटच्या वर मागणी असलेल्या शहराची स्वतःची निर्मिती बहुतांशी कोळशाची आहे आणि ती कधीतरी थांबणार आहे. ती थांबवण्याआधी शहरात बॅटऱ्या आणि शहरापर्यंत नव्या वाहिन्या हव्यात. हा क्रम उलटला तर मुंबईकरांना ऑक्टोबर २०२० पुन्हा बघावा लागेल.

राहता राहिला पैसा. वीज बाजारात दुपारचा दर अनेकदा दोन रुपयांच्या खाली येतो आणि सूर्य मावळल्यावर तो दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तीच तार, तेच युनिट, चार तासांत पाचपट किंमत. तरीही करार होतात ते ‘अमुक मेगावॉट सौर, अमुक दर’ असेच, आणि सर्वांत कमी दर मिळाला की पत्रकार परिषद होते. तो दर दुपारचा असतो, हे सांगायचे राहून जाते. राज्य वीज नियामक आयोगाने यापुढचा प्रत्येक करार संध्याकाळी सहा ते रात्री दहा या चार तासांत प्रकल्प किती हमी देतो या अटीशी बांधावा आणि साठवणुकीसह जो दर पडेल तोच खरा दर मानावा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दराची वाट उघडली आहे, दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग. कारखान्याचा, शीतगृहाचा किंवा दूधसंघाचा कॉम्प्रेसर त्याप्रमाणे हलू शकतो. संध्याकाळी सातला भाकरी भाजून टीव्ही लावणाऱ्या घराला काय हलवायला सांगणार? म्हणून घरगुती ग्राहकाला दुपारची सवलत द्यावी, पण संध्याकाळचा दंड लावू नये, असे माझे मत आहे.

आणि शेवटी जमीन. मुळशी धरणासाठी बुडणाऱ्या मावळातल्या गावांच्या वतीने सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळाली, गावे पाण्याखाली गेली. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जुनी जलविद्युत केंद्रे आज ज्या स्वच्छ विजेचा वारसा म्हणून मिरवली जातात, त्या वारशात हेही आहे. आता त्याच डोंगररांगेत उदंचनाचे नवे जलाशय, नवे बोगदे आणि नव्या वाहिन्यांचे मनोरे येऊ घातले आहेत, आणि या वेळी कारण मुंबईच्या गिरण्यांऐवजी पृथ्वीचे तापमान आहे. कारण मोठे आहे म्हणून मोबदला एकरकमी आणि जुन्याच रीतीने द्यायचा, हे मला मान्य नाही. या प्रकल्पांची कमाई मुळात दुपारच्या आणि संध्याकाळच्या दरांतल्या फरकावर उभी आहे, आणि तो फरक रोज तासातासाने मोजला जातो. त्यातला ठरावीक हिस्सा प्रकल्प चालेल तोवर दर महिन्याला ज्या ग्रामपंचायतींची जमीन आणि पाणी गेले त्यांच्या खात्यात जमा व्हावा, आणि ही अट सामंजस्य कराराचे रूपांतर पक्क्या करारात होण्याआधी लिहून घ्यावी.